विश्लेषण : उघड्यावरची वीजपेटी कोणत्या पत्र्याची हवी?

भोसरीच्या गल्ल्यांपासून चाकण एमआयडीसीच्या टप्प्यांपर्यंत रस्त्याकडेला, कारखान्यांच्या आवारात आणि पंपांशेजारी वीजपेट्या उघड्यावर उभ्या असतात. आतल्या ड्राइव्ह, ब्रेकरची निवड चोखंदळपणे होते. पेटी मात्र सर्वांत कमी दराच्या कोटेशनवर ठरते. जूनच्या पहिल्या पावसात ट्रिपिंग सुरू झाले की दोष ब्रेकरला दिला जातो. पाणी अनेकदा आलेले असते पेटीतून.

आयपी क्रमांक नेमके काय सांगतो?

‘आयपी ६५’मधला पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. पहिला ६ म्हणजे धूळ अजिबात आत जाणार नाही. ५ म्हणजे थोडी जाईल, पण उपकरणाच्या कामात अडथळा येणार नाही. दुसरा ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव, ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापासून आणि ६ म्हणजे जोरदार फवाऱ्यापासून. तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्त्यावरची अवजड वाहतूक आणि तिची धूळ पाहता, उघड्यावरच्या पेटीला ‘आयपी ६५’ मागणे चैन नव्हे.

मात्र हा क्रमांक गंजाबद्दल काहीच सांगत नाही. चाचणी नव्या, कोऱ्या पेटीवर होते. चार पावसाळ्यांनंतर बिजागरी गंजली आणि दाराचे गास्केट कडक पडले, तर प्लेटवरचा क्रमांक तेवढा शाबूत राहतो.

मग धातू कोणता?

पावडर कोटिंग केलेला साधा सीआरसीए पत्रा सर्वांत स्वस्त. शेडखाली तो उत्तम चालतो. उघड्यावर एक ओरखडा पडला, की तिथून गंज रंगाखाली सरकत जातो.

गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते, लोखंड वाचते. त्यावर पावडर कोटिंग केले, तर या पट्ट्यातल्या बहुतेक रस्त्याकडेच्या पेट्यांसाठी खर्च आणि टिकाऊपणा यांचा मेळ बसतो.

स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ आणि ३१६ हे दोन दर्जे प्रचलित आहेत. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असल्याने क्षारांपुढे तो अधिक तग धरतो, म्हणून तो कोकण किनाऱ्यावर शोभतो. चाकणला समुद्राची खारी हवा नाही; तिथे साध्या आवारात ३१६साठी जादा पैसे मोजायचे कारण नाही.

अपवाद प्लेटिंग आणि पिकलिंगच्या शॉपचा. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफांपुढे ३०४वरही डाग आणि खड्डे पडतात. अशा ठिकाणी धातूचा हट्ट सोडून फायबरची पेटी घेणे अधिक शहाणपणाचे.

पेटी घट्ट केली की काम झाले?

नाही. एप्रिल-मेच्या उन्हात बंद पेटी तापते आणि ड्राइव्हसारखी अनेक उपकरणे ४० अंशांपुढे पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. फिकट रंग, वर छत्री आणि आत मोकळी जागा हे साधे उपाय. पावसाळी रात्री पेटी गार पडली, की आतल्याच हवेतली वाफ पत्र्यावर पाणी होऊन साचते. त्यासाठी छोटा हीटर आणि ब्रीदर लागतो.

चूक कुठे होते?

बहुधा साइटवर. वायरमन ऐनवेळी पेटीच्या माथ्यावर भोक पाडतो, केबल आत घेतो आणि ग्लँड न लावता एम-सील थापतो. ‘आयपी ६५’ तिथेच संपतो. केबल खालून, योग्य मापाच्या ग्लँडमधूनच यावी. न वापरलेली भोके बंद करावीत आणि पेटी साचणाऱ्या पाण्याच्या वर, चौथऱ्यावर बसवावी. स्टेनलेस पेटीला साधे लोखंडी बोल्ट लावले, तर पहिला गंज तिथेच दिसतो.

जिवाशी गाठ कशी?

पेटी धातूची असेल, तर आत सुटलेली एक तार अख्खी पेटी जिवंत करू शकते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार थ्री-फेज उपकरणांच्या धातूच्या भागांना दोन स्वतंत्र अर्थिंग हवीत. दारालाही वेगळी लवचीक अर्थवायर हवी; रंगवलेल्या बिजागरीच्या भरवशावर राहता येत नाही. ओल्या फुटपाथवरून चाललेले शाळकरी पोर किंवा पेटीला टेकून उभा राहिलेला कामगार यांना आयपी क्रमांक वाचता येत नसतो.

म्हणून खरेदीच्या कागदावर केवळ ‘आउटडोअर पॅनेल’ लिहून भागणार नाही. धातू, पत्र्याची जाडी, कोटिंग, आयपी क्रमांक, ग्लँड आणि अर्थिंग या सहा गोष्टी नोंदवाव्यात. दरवर्षी मे महिन्यात, गुरुवारच्या साप्ताहिक सुटीत, वीजपुरवठा बंद करून प्रत्येक दार उघडून पाहावे. गास्केट बदलायला लागणारा तासभर हा बंद पडलेल्या लाइनपेक्षा आणि गेलेल्या जिवापेक्षा केव्हाही स्वस्तच.