रिटेनर अडकला? अडकू दे की!

अमेरिकेत वीकांताला एखाद्या मोकळ्या शेतावर मॉडेल रॉकेटवाली मंडळी जमली की हे दृश्य ठरलेलं. रॉकेट सुखरूप खाली आलंय आणि मालक लालबुंद होऊन त्याच्या शेपटाकडचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण पकडीने पिळतोय. झाकण ढिम्म! मग वैतागून म्हणतो, "पुढच्या वेळी सरळ मास्किंग टेप."

या वाक्याला माझा सक्त विरोध आहे.

हे आट्यांचं झाकण म्हणजे रिटेनर. मोटर जळून संपली की काही सेकंदांनी तिच्या पुढच्या टोकाची बारूद पेटते, त्या दाबाने नाक निघतं आणि पॅराशूट बाहेर पडतं. पण दाब मोटरलाही तेवढाच मागे ढकलतो. ती नीट धरलेली नसेल तर नाकाऐवजी तीच निसटते आणि रॉकेट पॅराशूटशिवाय, नाक खाली करून येतं. खाली माणसं उभी असतात हो! टेप गुंडाळूनही मोटर घट्ट बसते, नाही असं नाही. पण किती घट्ट, हे ज्याच्या त्याच्या हाताच्या अंदाजावर.

म्हणून मी म्हणतो, अडकलेला रिटेनर बिघडलाय खरा, पण योग्य बाजूला बिघडलाय. न उघडणाऱ्या झाकणाने तुमची एक संध्याकाळ जाते. आपोआप उघडलेल्याने रॉकेट जातं, किंवा कोणाचं तरी डोकं.

आता सोडवायचं कसं? हापिसात सर्व्हर अडकला की लॉग न बघता रीस्टार्ट मारणारे असतात, पकडवाले त्यांचेच भाऊबंद. पातळ कडं दोन बाजूंनी दाबलं की लंबगोल होतं आणि आटे आणखीच आवळतात. आधी सगळं पूर्ण थंड होऊ द्या. मग बरणी उघडायचा रबर घेऊन झाकण चौफेर धरा. दुसऱ्या हाताने रिटेनरचा चिकटवलेला भाग धरा, रॉकेटचे पंख नव्हे.

तरीही नाही? बारुदीची काजळी पाण्यात बरीचशी विरघळते. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेला बोळा आट्यांवर ठेवा, पुठ्ठ्याची नळी तेवढी भिजू देऊ नका. झाकण बाहेरून बसणारं आणि धातूचं असेल तर त्यालाच हेअर ड्रायर दाखवा. ४५ मिमी व्यासाचं अ‍ॅल्युमिनियमचं कडं ४० अंशांनी तापलं तर व्यास जेमतेम ०.०४ मिमी वाढतो. पण तेवढंही पुरतं. जास्त तापवलंत तर आतला इपॉक्सी सुटेल.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हे सगळं जळून गेलेल्या मोटरसाठी. रॉकेट उडालंच नसेल तर सुरक्षा किल्ली काढा, नियमाप्रमाणे ६० सेकंद थांबा, मग जवळ जाऊन आधी इग्नायटर काढा. आत जिवंत मोटर असताना ड्रायर नाही, हातोडी नाही, काही नाही.

आणि मुळात अडकूच नये म्हणून? प्रत्येक उड्डाणानंतर जुन्या टूथब्रशने आटे साफ करा, सिलिकॉन ग्रीसचं एक बोट फिरवा, झाकण हाताने बसेल तेवढंच आवळा. दोन मिनिटांचं काम आहे. त्याचा कंटाळा करायचा आणि वर झाकणालाच शिव्या घालायच्या, हे काही बरोबर नाही राव.