दुपारी ऊन, पहाटे थंडी : घोड्याला झूल कोणती?
आपल्या कोल्हापूर भागात पौषात दुपारी ऊन चटके देते आणि पहाटे हुडहुडी भरते. म्हणून दिवसरात्र एकच जाड झूल घोड्यावर ठेवू नका. धडधाकट घोड्याला थंडीत दाट केस येतात. खरी गरज असते ती म्हाताऱ्या, रोडावलेल्या जनावराला.

कामावरून आलेला घोडा आधी भाताच्या वाळल्या पिंजराने चोळून कोरडा करा. मग गोणपाट, वर घोंगडे घाला. खताचे प्लॅस्टिकचे पोते नको. आत घाम कोंडतो. मी एकदा घामेजल्या घोडीवर तसेच घोंगडे टाकून निजलो. पहाटे ती थरथरत उभी होती. तेव्हापासून झोपण्याआधी झुलीखाली हात घालतो. ओल लागली, तर अंग पुसून कोरडी झूल घाला. ऊन वर येताच ती उतरवून वाळत टाका.