वानराला वानर राहू द्या

प्रस्थापित समीक्षेने व्यंकटेश माडगूळकरांना ‘माणदेशी माणसे’ आणि ‘बनगरवाडी’पुरते जपून ठेवले आहे. त्यांनी जन्मभर न्याहाळलेली जनावरे मात्र ती विसरली. ‘सत्तांतर’ १९८२ साली आले, त्याला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला; त्याच साली माडगूळकर अंबाजोगाईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. एवढा मान मिळालेली ही वानरांची कथा आज साहित्याच्या चर्चेत कितीदा निघते?

निघालीच तर राजकारणाचे रूपक म्हणून. नवा नर जुन्या म्होरक्याला हुसकावतो, पिले मारतो आणि समीक्षकाला लगेच मंत्रालय दिसू लागते. वास्तविक वानरे अशीच वागतात. युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने १९६०च्या दशकात धारवाडच्या रानात हे नोंदवले होते. माडगूळकरांनी वानरांना माणसाचे कपडे घातले नाहीत. ते समीक्षकांनी घातले.

खुलताबादेतून पाहताना ही गोष्ट आम्हाला अधिक टोचते. मलिक अंबर, औरंगजेब, पहिला निजाम असे सत्ता गाजवलेले लोक इथे मातीत निजले आहेत. शेजारी वेरूळच्या लेण्यांत वानरे कुणाची परवानगी न काढता हिंडतात. माणसाला तेवढी मुभा नाही. मार्च २०२५मध्ये इथल्या एका कबरीच्या वादावरून नागपुरात हिंसाचार झाला. दर्ग्यापाशी फुले विकणारा, चहाची टपरी चालवणारा, ज्याचा सत्तेशी काडीचा संबंध नाही, तोही अशा वेळी एका बादशहाचा वारस ठरवला जातो. वानराचे रूपक झाले तसे त्याचेही झाले.

‘बनगरवाडी’तला आयबू आठवा. तो मुसलमान आहे, पण कुठल्या जमातीचा नमुना म्हणून उभा नाही. मास्तरांना जीव लावणारा तो आयबू आहे, बस्स. हे माडगूळकरांना साधले, कारण जनावराकडे जनावर म्हणून पाहणारी नजर माणसाकडेही माणूस म्हणून पाहते. ती नजर दोन ठिकाणी दोन तऱ्हांची नसते.

म्हणून आमचा आग्रह माडगूळकरांच्या पुण्यतिथीला हार घालण्याचा नाही. शाळेच्या पुस्तकात, ग्रंथालयात, मुस्लिम मराठी लेखकांच्या बैठकीतही त्यांची जनावरे परत आणा आणि अर्थ न चिकटवता वाचा. वानराला वानर राहू न देणारा समाज आयबूला आयबू कसा राहू देईल?