लक्ष्मी कुणाच्या वहीत?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाटावर नव्या वह्या मांडतात, हळदकुंकू वाहतात, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखवतात. पाट कोण मांडते? घरची बाई. रांगोळी कोण काढते? तीच. आणि वहीवर नाव कुणाचे? ते मात्र विचारू नये! धनाची देवता स्त्री असावी आणि तिच्या खात्यावर सही मात्र नारायणाची असावी, असा आपला जुना रिवाज आहे.

वाचकहो, सणासुदीच्या दिवशी हे पुराण काढायचे कारण म्हणजे 'स्टार्टअप' हा शब्द. केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये 'स्टार्टअप इंडिया' योजना सुरू केली आणि तेव्हापासून हा शब्द लग्नाच्या बैठकीपर्यंत पोचला. "मुलगा काय करतो?" "त्याचा स्टार्टअप आहे." मग मुलीकडची मंडळी क्षणभर एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. शब्द नवा असला, तरी गोष्ट जुनी आहे. जवळ कल्पना आहे, अंगात उमेद आहे, गाठीला पैसा नाही. तो कुणी द्यावा आणि कोणत्या अटीवर?

नव्या धंद्यात पैसा घालणारे जे मोठे फंड असतात, त्यांचा हिशेब सावकाराहून निराळा असतो. सावकार व्याज मागतो. फंड मालकीतला हिस्सा मागतो. दहा धंद्यांत पैसे घालायचे, त्यांतले बरेचसे बुडणार हे धरूनच चालायचे आणि एखादा असा फोफावला पाहिजे की त्याने बुडालेल्यांचे भरून काढून वर नफा दिला पाहिजे. शिवाय काही वर्षांत आपला हिस्सा विकून या पाहुण्याला पुढच्या गावी जायचे असते. म्हणून त्याला घाई फार. लोणचे मुरायला लागणारा वेळ त्याच्या वेळापत्रकात बसत नाही. यात त्याचे काही चुकते असे मी म्हणत नाही. तो दुसऱ्यांचा पैसा घेऊन बसलेला असतो. पण लोणचेवालीने हे आधी ओळखलेले बरे.

आता आपल्या मुंबईतलीच एक गोष्ट पाहा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच एक. भांडवल ८० रुपये, आणि तेही छगनलाल पारेख नावाच्या समाजसेवकाकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड झाले. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी आणली; खाटेवर पापड, खाली शेगडी, की झाले वाळवण! तीच ही 'लिज्जत पापड'वाली संस्था. १९६६ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. आज हजारो बायका तिच्या सभासद आहेत आणि उलाढाल शेकडो कोटींत मोजतात. जसवंतीबेनना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

ही कहाणी सांगताना सगळेजण ८० रुपयांवर थांबतात. मला त्या ८० रुपयांपेक्षा सोबतची शिकवण मोलाची वाटते. छगनबाप्पांनी सांगितले की देणगी म्हणून कुणाकडून पैसा घ्यायचा नाही, हिशेब चोख ठेवायचा, आणि स्वस्तातला हलका माल काढण्याच्या भरीस पडायचे नाही. शाखेत पीठ मळायचे, बायकांनी ते घरी नेऊन लाटायचे, वाळलेले पापड आणून द्यायचे आणि लाटणीचे पैसे हातात घ्यायचे. जी लाटणारी, तीच मालकीण. नफा झाला तर सगळ्यांचा, तोटा झाला तरी सगळ्यांचा. इथे हिस्सा विकून निघून जाणारा पाहुणाच नाही.

पण उसने देणारा बाप्पा प्रत्येकीला कुठून भेटणार? गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना तो भेटला नव्हता. गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या या बायका धान्य उधारीवर आणीत, पैसा व्याजाने काढीत, आणि महिनाअखेर कामगारांनी चुकते केलेले पैसे वाणी आणि सावकार यांच्याच पदरात पडत. हात भाजायचे यांचे आणि पोळी दुसऱ्याच्या ताटात! गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली या बायकांचे 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. स्वयंपाक तोच, कामगार तेच, कष्टही तेच. फक्त पैसा कुठून येतो ते बदलले, आणि मिळकत घरात राहू लागली. त्याच सुमारास, १९७४ साली, अहमदाबादेत इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतल्या चार हजार बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची बँकच काढली.

अशीच बँक साताऱ्याच्या माण तालुक्यात, म्हसवडला चेतना सिन्हा यांनी काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला तो परत आला. कारण काय, तर प्रवर्तक सभासदांत निरक्षर बायका होत्या. अंगठ्यावर बँक कशी चालणार? बायका घरी जाऊन रडत बसल्या नाहीत. लिहायला-वाचायला शिकू लागल्या आणि पुन्हा साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कोणतीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. ज्यांनी जन्मभर व्याज भरले, त्यांना ते काढता येत नाही असे समजणाऱ्याचेच मला नवल वाटते!

तेव्हा मोठ्या फंडांचा पैसा बायकांसाठी नव्हेच की काय? तसे मुळीच नाही. फाल्गुनी नायर यांनी २०१२ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, गुंतवणूक क्षेत्रातली मोठी नोकरी सोडून 'नायका' काढली. २०२१ च्या नोव्हेंबरात तिचे शेअर बाजारात आले. त्यांनी बाहेरचा पैसा घेतला, पण तो देणाऱ्यांचा हिशेब त्यांना आधीपासून पाठ होता. शेअर बाजारात आले तेव्हाही निम्म्याहून अधिक मालकी घरातच होती. म्हसवडची बाई आणि मुंबईची ही बाई, दोघींची शाळा निराळी, पण धडा एकच. दुसऱ्याचा पैसा घ्यावा, पण त्याचे गणित आपल्याला आले पाहिजे.

आणि इथेच मला काळजी वाटते. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते आणि खातेदारांत निम्म्याहून अधिक बायका आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. पण अर्ज बाईच्या नावाचा, सही बाईची आणि पैसा मात्र दिराच्या टेम्पोत, असा प्रकार मी माझ्या ओळखीच्या घरांत पाहते. टेम्पो चालला तर दीर कर्तबगार; हप्ता थकला तर नोटीस वहिनीच्या नावाने! अशा घरात बाई उद्योजक झाली नाही, नुसती जामीन झाली.

म्हणून पैसा घेण्यापूर्वी प्रत्येकीने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा पैसा व्याज मागतो की हिस्सा? माझा धंदा त्याच्या घाईने वाढू शकतो का? आणि वही कोण लिहिणार? पहिल्याचे उत्तर कागदात मिळते, दुसऱ्याचे बाजारात. तिसऱ्याचे उत्तर घरातच द्यावे लागते, आणि तेच सर्वांत अवघड.

परवा पाडवा आहे. नवरोबांना ओवाळल्यावर तबकात काय पडणार याची चर्चा घरोघरी चालू असेलच. साडी पडली तर आनंदच आहे; मीही नको म्हणणार नाही. पण जिच्या नावावर कर्ज आहे, तिने त्याबरोबर बँकेचे पासबुकही मागून घ्यावे. आणि नुसते कपाटात ठेवू नये, उघडून वाचावे.