डीपी का जळाली, हे पूर्ण कोणी ऐकतं का?

धान लोंबीवर येतो, पाण्याची खरी गरज असते आणि नेमकी तेव्हाच डीपी जळते. आपल्या ब्रह्मपुरी भागात हे नवीन नाही. लाइनमन विचारतो, "काय झालं?" उत्तर ठरलेलं: "काही नाही भाऊ, आपोआपच उडाली."

मंजुरी ३ एचपीची अन् मोटर ५ची, हे कोण सांगणार? पंपाला ऑटो स्विच आहे, हेही दंडाच्या भीतीने पोटातच राहते. मग लाइन येताच सगळ्या मोटरी एकदम सुरू होतात, भार झेपत नाही, बदललेली डीपीही जळते.

महावितरण सांगते, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर लावा. बरोबर आहे. पण स्विच लावलाच कशाला, हेही विचारा ना! लाइन रात्रीची आणि बांधावर वाघ. मोटर चालू करायला जाणार कोण?

माझं म्हणणं एवढंच, डीपी बदलण्याआधी तिच्यावरच्या सगळ्या शेतकऱ्यांना एकत्र बसवा. दंडाचं नाव न काढता ऐकून घ्या. आपणही लपवू नये. खरा भार कळला तरच तेवढ्या ताकदीची डीपी मागता येईल. अन् वाघाच्या भागात दिवसाची लाइन का पाहिजे, हेही कागदावर येईल.