बुजुर्गांच्या वाट्याचे काम

‘आता आराम करा.’ निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य ऐकावे लागते. त्यात प्रेम असते, अदब असते. पण हेच वाक्य ऐकलेला माणूस वर्षभरात दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसलेला दिसतो. साठीनंतर वीस-पंचवीस वर्षांचे आयुष्य मिळाले, तर त्या वर्षांत नुसता आराम किती करायचा? या महिन्यात हा प्रश्न घेऊन आपण जरा दूर जाऊ या, इंग्लंडच्या खेड्यांत.

इंग्लंड म्हटले की आपल्याला लंडन आठवते. तिकडे स्थायिक झालेले आपले कोकणी नातेवाईकही बहुतेक शहरांतच राहतात. खेड्यांचा इंग्लंड वेगळा आहे. तिथे साधारण दर चार माणसांत एक जण पासष्टी ओलांडलेला आहे. शहरांत हे प्रमाण सहात एक असे आहे. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी तरुण गाव सोडतात, आणि शहरात नोकरी संपलेली जोडपी शांतता शोधत गावात येतात. त्यामुळे गाव दोन्ही बाजूंनी म्हातारे होत जाते. तरीही त्यातली कितीतरी गावे जिवंत राहिली आहेत. ती कशी राहिली, हे समजून घेण्यासारखे आहे.

म्हातारपण तिथे नेहमीच सुखाचे होते, असे नाही. १८३४ साली तिथे गरिबांसाठी नवा कायदा झाला. ज्याला पोट भरता येत नाही, त्याने सरकारी वर्कहाउसमध्ये जावे, असा त्याचा रोख होता. तिथे पुरुष एका दालनात, बायका दुसऱ्या दालनात. आयुष्यभर संसार केलेल्या जोडप्यांचीही तिथे ताटातूट होई. शेतावर राबून हाडे झिजलेल्या मजुराला मरणापेक्षा या दाराची भीती जास्त वाटे. ही भीती कमी व्हायला बराच काळ गेला. १९०८ साली वृद्धांच्या पेन्शनचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरीब माणसाला आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत रक्कम मिळू लागली. रक्कम लहान होती. पण ती हक्काची होती, आणि पोस्टाच्या खिडकीवर जाऊन घेता येत होती. कुणाच्या दारात हात पसरायचा नव्हता.

त्याच १९०८ साली आणखी एक कायदा झाला. लोकांनी मागणी केली तर भाजीपाला लावण्यासाठी जमिनीचे छोटे तुकडे उपलब्ध करून देणे, ही स्थानिक कौन्सिलची जबाबदारी ठरली. या तुकड्याला तिथे अलॉटमेंट म्हणतात. पूर्ण तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा, भाडे वर्षाला भरायचे. पेन्शनने पोटाची सोय केली, तर या तुकड्याने हातांची. आजही निवृत्त माणसे सकाळी फावडे घेऊन तिथे जातात. बटाटे, कांदे, वाल, कोबी लावतात. शेजारच्या तुकड्यावरच्या माणसाशी पावसाबद्दल बोलतात, एकमेकांना रोपे देतात. उन्हाळा सरता सरता गावात भाज्या-फुलांचे प्रदर्शन भरते. सारख्या आकाराची तीन गाजरे कुणाची, सर्वांत मोठा कांदा कुणाचा, यावर चुरस लागते. ऐंशी वर्षांचा म्हातारा तिथे बक्षिसाच्या चिठ्ठीकडे लहान मुलासारखा डोळे लावून उभा असतो. त्याला पुढच्या वर्षाची आशा असते, कारण पुढच्या वर्षी पुन्हा कांदे लावायचे असतात.

यापेक्षा कितीतरी जुनी रीत आल्म्सहाउसची आहे. एखाद्या श्रीमंताने जमीन किंवा पैसा कायमचा दान करायचा आणि त्याच्या उत्पन्नातून गरजू वृद्धांना घर द्यायचे. आपल्या वक्फची आठवण व्हावी, अशी ही व्यवस्था आहे. विंचेस्टर शहराच्या कडेला, नदीकाठच्या कुरणांत, सेंट क्रॉस नावाचे असे स्थान आहे. बाराव्या शतकात तिथल्या बिशपने तेरा गरीब माणसांसाठी ते सुरू केले. आज जवळजवळ नऊशे वर्षांनंतरही तिथे वृद्ध राहतात. त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. जुन्या संस्थेतले काळा झगा घालतात, पंधराव्या शतकात जोडलेल्या दुसऱ्या संस्थेतले लालसर. फाटकाशी येऊन मागणाऱ्या वाटसरूला पावाचा तुकडा आणि घोटभर पेय देण्याची रीतही अजून चालू आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की जिथे वृद्धांना आसरा मिळतो, तिथूनच वाटसरूलाही काही दिले जाते. घेणाऱ्यांचे घर देणाऱ्यांचेही घर राहिले आहे.

आता उत्तरेकडे डर्बीशायर परगण्यात जाऊ. हा चुनखडीच्या डोंगरांचा मुलुख. इथे पाण्याचे मोल माणसाला लवकर कळते. इथल्या गावांत दरवर्षी विहिरी आणि झरे फुलांनी सजवतात. टिसिंग्टन गावची सजावट सर्वांत प्रसिद्ध आहे. चौदाव्या शतकात मोठी प्लेगची साथ आली, तेव्हा गावचे पाणी शुद्ध राहिले म्हणून गाव वाचले, त्याचे हे शुक्राने, असे तिथे सांगतात.

या सजावटीचे काम नीट पाहिले, तर बुजुर्गांची जागा कुठे असते ते कळते. आधी लाकडाच्या मोठ्या फळ्या पाण्यात भिजत टाकतात. मग मिठाचे पाणी घालून मळलेली चिकणमाती त्यावर थापतात. कागदावरचे चित्र टोचून टोचून मातीवर उतरवतात. बिया आणि झाडांची छोटी बोंडे लावून रेषा भरतात. शेवटी एकेक पाकळी अंगठ्याने दाबून बसवायची. पाकळ्या खालून वर लावत जायच्या, कौले शाकारल्यासारख्या एकावर एक, म्हणजे पाऊस आला तर पाणी ओघळून जाते. माती किती ओली हवी, कोणते फूल दुसऱ्या दिवशी काळे पडते, हे पुस्तकात वाचून येत नाही. ज्याने चाळीस वर्षे हे केले आहे, त्यालाच विचारावे लागते. शाळकरी पोरे आणि त्यांच्या आजीच्या वयाच्या बाया एकाच फळीवर वाकून काम करतात. चित्र जेमतेम आठवडाभर टिकते, मग माती तडकते, पाकळ्या सुकतात. पण त्या काही दिवसांत एका पिढीचे हातचे ज्ञान दुसऱ्या पिढीकडे गेलेले असते.

रोजच्या दिवसांतही हेच सूत्र दिसते. बहुतेक गावांत एक सभागृह असते. पहिल्या महायुद्धात मेलेल्या गावच्या मुलांच्या आठवणीसाठी अशी कितीतरी सभागृहे बांधली गेली. त्याच्या किल्ल्या, हिशेब, साफसफाई बहुधा निवृत्त माणसेच सांभाळतात. विमेन्स इन्स्टिट्यूट या महिला संघटनेच्या सभा तिथेच भरतात. ही चळवळ १८९७ मध्ये कॅनडात सुरू झाली आणि १९१५ मध्ये ब्रिटनमध्ये आली. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई होती. तेव्हा सरकारने साखर पुरवली आणि या खेड्यांतल्या बायकांनी झाडाखाली सडून जाणाऱ्या फळांचा मुरंबा करून देशाला दिला. आज सभेत व्याख्यान होते, चहा होतो, आणि चहा कुणी करायचा याची पाळी ठरलेली असते.

ही पाळीच महत्त्वाची आहे. गावातले शेवटचे दुकान बंद पडते, तेव्हा काही ठिकाणी गावकरी थोडे थोडे भाग घेऊन दुकान स्वतः चालवतात. ब्रिटनमध्ये अशी काहीशे दुकाने आहेत. गल्ल्यावर बसायला निवृत्त शिक्षिका, परिचारिका, कारकून पाळीने येतात. मंगळवारी सकाळी दोन तास आपण गेलो नाही तर दुकान उघडणार नाही, हे त्यांना माहीत असते. औषधाच्या गोळीइतकाच या जाणिवेचा उपयोग होतो.

हे चित्र एकरंगी मात्र नाही. २००८ पासून इंग्लंडभर वृद्धांना बसप्रवास फुकट आहे, पण अनेक खेड्यांत आता बसच येत नाही. गाडी चालवणे सुटले की माणूस घरात अडकतो. मग दवाखान्यात न्यायला शेजारचा, स्वतःही सत्तरीतला, स्वयंसेवक गाडी काढतो. एकटेपणाचा प्रश्न इतका वाढला, की २०१८ मध्ये सरकारने त्यासाठी मंत्र्याकडे खास जबाबदारी दिली. शहरातून आलेल्यांच्या पैशाने घरांच्या किमती चढतात आणि गावच्याच मुलाला गावात घर परवडत नाही. मुलेच नसतील, तर फळीवर पाकळी लावायला शिकवायचे कुणाला? आणि आठवड्याची पाळी कितीही नेमाने पाळली, तरी लेकीच्या येण्याची भूक तिने भागत नाही.

वाचकहो, आपल्या घरांत अजून तीन पिढ्या एका दस्तरख्वानवर बसतात. ही दौलत त्या खेड्यांकडे नाही. पण आपण बुजुर्गांना मान देतो आणि काम काढून घेतो. ‘अब्बा, तुम्ही बसा, आम्ही करतो,’ असे म्हणताना त्यांना हळूहळू गैरजरुरी ठरवत जातो. मोहल्ल्यात मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलांना उर्दूची लिपी शिकवायला निवृत्त गुरुजी हवेत. जमातीचा हिशेब बघायला निवृत्त बँकवाले चाचा हवेत. शेजारणींचे रक्तदाब तपासायला निवृत्त नर्स आपा हव्यात. सांदण वाफवताना पीठ किती आंबलेले हवे, हे सांगायला दादी हवी, आणि ते ऐकायला नातीबरोबर नातूही हवा.

त्यासाठी मोठी संस्था लागत नाही. मदरशाच्या किंवा वाचनालयाच्या फळ्यावर नाव, वार आणि वेळ लिहिली की पुरे. मात्र नाव लिहिल्यावर त्या वेळी मुलांनी तिथे हजर राहायचे. गुरुजी येऊन बसले आणि कुणीच आले नाही, तर दुसऱ्या आठवड्यात ते पुन्हा दारातल्या खुर्चीवर दिसतील.