‘जप्त’ नव्हे, ‘राजगामी’

उज्जयिनीतील एका मराठी कुटुंबासाठी मराठीत उतरविलेला एक इंग्रजी हुकूमनामा नुकताच आमच्यापुढे आला. निर्वारस मयताची मिळकत सरकारने ‘जप्त केली’, असे त्यात लिहिले होते. मूळचे क्रियापद होते ‘एस्चीट’. भाषांतरकारास हटकले, तेव्हा उत्तर मिळाले, “आपल्या भाषेत याला शब्दच कोठे आहे?” या उत्तराचा निषेध करण्यासाठीच ही लेखणी उचलली आहे.

जप्तीला जप्त करणारा हात लागतो, आणि बहुधा धन्याचा काही दोषही लागतो. ‘एस्चीट’ला यांपैकी काही लागत नाही. जुन्या फ्रेंचातील ‘पडणे’ या अर्थाच्या धातूपासून ते आले. वारस उरला नाही म्हणजे मिळकत आपोआप राज्याकडे येऊन पडते. इंग्लंडात गुन्हेगाराची जमीनही याच शब्दाने जात असे, हे खरे. पण ती रीत १८७० साली बंद झाली. अशा मिळकती पाहणारे राजाधिकारी इतके लबाड ठरले की, फसविणे या अर्थाचा ‘चीट’ हा शब्द त्यातूनच निघाला. शेक्सपिअरचा फॉल्स्टाफ दोन गृहिणींचा पैसा उपटण्याचा बेत करताना याच श्लेषावर खेळतो.

आणि आपल्याकडे शब्द नाही? राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी ज्या महाकालाचे मंदिर अठराव्या शतकात पुन्हा उभारले, त्याच महाकालाची सायंपूजा कालिदासाने ‘मेघदूता’त वर्णिली. त्यानेच ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात हा शब्द लिहून ठेवला आहे: ‘राजगामी’. सागरी व्यापारी धनमित्र गलबत फुटून मरतो. तो निपुत्रिक, म्हणून त्याचे धन राजगामी, असे अमात्य कळवितो. दुष्यंत मात्र आधी विचारतो, त्याच्या भार्यांपैकी कोणी गर्भवती आहे काय? आहे असे कळताच धन गर्भाचे ठरते. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे २० वे कलम गर्भस्थ अपत्याचा हक्क मानते. मिळकत शासनाकडे जाण्याचे कलम त्यानंतर, २९ वे. संविधानाच्या हिंदी पाठातील २९६ व्या अनुच्छेदातही ‘राजगामी’ हाच शब्द आहे.

‘जप्त’ म्हटले की वारस हताश होऊन घरी बसतो. ‘राजगामी’ म्हटले की प्रथम विचारावे लागते, वारस खरोखरच नाही काय? एका चुकीच्या क्रियापदाने दूरच्या पुतण्याचा रास्त दावा बुडू शकतो. वकीलबंधूंनो, पुढला दस्तऐवज लिहिण्यापूर्वी तो सहावा अंक एकदा उघडा. शब्द परका वाटला, तर दोष शब्दाचा नव्हे. वारस हयात असता घरचे धन आपण बेवारस सोडले, हा दोष आपला.